इंदूरला चार पिढ्या, अकरा माणसं: कुठे उतरावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरचे सगळे नाशिकहून इंदूरला येतोय. सगळे म्हणजे खरोखर सगळे: आजी (८५), बाबा-आई, आत्या, दादा-वहिनी, मी आणि बायको, पंधरा वर्षांची पुतणी, माझा नऊ वर्षांचा मुलगा आणि पावणेतीन वर्षांचं एक वादळ.

आजीचं माहेर इंदूरचं. रामबागेत वाडा होता म्हणते. शेवटची गेली त्याला पन्नास वर्षं तरी झाली. 'एकदा मला दाखवून आणा' हे आम्ही दहा वर्षं ऐकतोय. आधी बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, मग करोना, मग वादळाचा जन्म, असं लांबत गेलं. यंदा तिने जाहीर केलंय की नेलं नाहीत तर मी एसटीने जाईन. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना महाराष्ट्रात एसटी फुकट असल्यामुळे ही धमकी निदान हद्दीपर्यंत तरी खरी आहे.

चार रात्री. एक दिवस उज्जैन, एक दिवस महेश्वर किंवा ओंकारेश्वर, बाकी इंदूर. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर करून येतोय. आजी काठी घेऊन वीस-पंचवीस पावलं चालते, मग बसावं लागतं. रात्री दोन-तीनदा उठते. बाबांना खाली बसता येत नाही. आत्या घोरते (ती हे वाचणार नाही अशी आशा आहे).

बुकिंगच्या अ‍ॅपवर इंदूर टाकलं की शेकडो हॉटेलं येतात, सगळ्यांचे पडदे तपकिरी, सगळीकडे पलंगावर टॉवेलचा हंस. त्यातून काही कळत नाही. कोणत्या भागात उतरावं? हॉटेल की फ्लॅट? खोल्या किती? आणि एक नाजूक प्रश्न: आजीचा भाचा सुदामा नगरात राहतो. 'हॉटेलात उतरलात तर तोंड दाखवू नका' असा त्याचा फोन येऊन गेलाय.

जिरावन

भिया, यात विचारायचं काय! राजवाड्याजवळ उतरा, डोळे मिटून. सोन्याची दुकानं बंद झाली की सराफ्यातला खाऊबाजार सुरू होतो, तो मध्यरात्र उलटेपर्यंत. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, डिसेंबर म्हणजे गराडू (तळलेला कंद), वर मालपुवा. खाऊन पायी पायी खोलीवर. इंदूरला येऊन सराफ्यापासून सात किलोमीटरवर झोपणारी माणसं मी पाहिलीयत, त्यांची कीव येते.

रामबागची

जिरावन, हलके घ्या, पण तुम्ही पंचविशीचे दिसता. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत ट्रॅव्हलर आत शिरणार कुठून आणि वळणार कुठे? गाडी लांब उभी करून आजींना चालवत आणायचं, तेही त्या गर्दीतून. आणि सराफा रात्री एकला आवरतो म्हणजे गल्ली एकला झोपते. पाच वाजता उठून चहा मागणाऱ्या माणसाने करायचं काय?

गोदाकाठ, मी इंदूरची, लग्नानंतरही इंदूरचीच. मालव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला एक कायमची ड्यूटी असते: महाराष्ट्रातून उज्जैनला येणाऱ्यांची उतरायची सोय. ती मी तीस वर्षं केली, आणि घरात नव्वदीच्या सासूबाईही होत्या. त्यामुळे अनुभवाचं बोलते. लोक हॉटेल बघताना सकाळ आणि रात्र बघतात. कुठून निघायचं, कुठे झोपायचं. घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल असेल तर दुपार बघा. एक ते पाच तुमची आजी, तुमचे बाबा आणि ते वादळ खोलीत असणार, बाकीचे फिरणार. म्हणजे निम्मं घर निम्मा दिवस हॉटेलातच. तेव्हा खोलीला खिडकी आहे का, आणि ती रस्त्यावर उघडते की शेजारच्या इमारतीच्या पाइपांवर? बसायला हाताची खुर्ची आहे का? पलंगाच्या कडेवर माणूस किती वेळ बसेल? दुपारी साडेतीनला मऊ खिचडी करून देतील का, की किचन तीन ते सात बंद? हे विचारा. हंस राहू देत.

भागांचं म्हणाल तर:

स्टेशन, सरवटे बसस्टँड, छोटी ग्वालटोली इथे हॉटेलांची रांग आहे, स्वस्तही आहेत. बरीचशी जुनी. खाली दुकान, वर रिसेप्शन, आणि लिफ्ट सुरू होते ती दहा पायऱ्या चढल्यावर. दोन मित्रांना ठीक.

विजयनगर नवं इंदूर. मोठी हॉटेलं, मोठ्या लिफ्ट, मॉल, पार्किंग. पैसे मोजायची तयारी असेल तर अंगाला काही लागत नाही. पण तुमची आजी रामबाग बघायला येतेय, मॉल नव्हे. तिकडून जुन्या शहरात यायचं म्हणजे सिग्नलमागून सिग्नल.

माझं मत साउथ तुकोगंज, नाथ मंदिर रोड, नाहीतर आरएनटी मार्ग. स्टेशन जवळ, राजवाडा दोन-अडीच किलोमीटर, रस्ते बऱ्यापैकी रुंद, मधल्या दरातली हॉटेलं भरपूर. छप्पन दुकान ही खाऊगल्लीही लांब नाही. आणि नाथ मंदिरात संध्याकाळी आजींना नेलंत तर कानावर मराठी पडेल. आमची मराठी, पुण्याची नाही. 'येऊन राहिलेत का' वाली. त्यांना ती ओळखू येईल.

देवासकर

रामबागचींना अनुमोदन, आणि दिशांचं एक जोडतो. उज्जैन उत्तरेला ५५ किलोमीटर, महेश्वर दक्षिणेला नव्वदच्या आसपास, ओंकारेश्वर साधारण ऐंशी. एका दिवशी शहराच्या या टोकातून निघायचंय, दुसऱ्या दिवशी त्या टोकातून. म्हणून मध्यावर राहा आणि चारही रात्री एकाच हॉटेलात काढा. उज्जैनला एक रात्र, महेश्वरला एक रात्र असे बेत कागदावर छान दिसतात. पण अकरा जणांचं सामान रोज बांधायचं, आजींना रोज नवं बाथरूम अंधारात शोधायला लावायचं! म्हातारी माणसं पडतात ती नव्या जागी, पहिल्या रात्री.

उज्जैनला महाकालाच्या भस्मारतीचा मोह टाळा. ती पहाटे चारची, आधी बुकिंग लागतं, इंदूरहून रात्री एकला निघावं लागेल आणि तिथे बराच वेळ एका जागी बसावं लागतं. तुम्ही दोघं-तिघं वेगळे जा हवं तर. बाकीच्यांनी सकाळी नाश्ता करून निघावं, सोमवार टाळून. महाकाल लोक (मंदिरालगतचा नवा परिसर) बघायला सुंदर आहे, पण ९०० मीटरहून लांब. व्हीलचेअर नाशिकहूनच बरोबर घ्या, घडीची मिळते. आजी 'मला नको' म्हणतील. तरी घ्या.

ओंकारेश्वर आणि महेश्वर यांतलं एकच निवडा. ओंकारेश्वराचं मंदिर नर्मदेतल्या बेटावर, पूल किंवा नाव, वर पायऱ्या. आजींना अलीकडच्या काठावरचं ममलेश्वर करता येईल. तिथे शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास आहे, म्हणजे स्वच्छता आणि शिस्त कशी असेल ते सांगायला नको. महेश्वरात गाडी किल्ल्याच्या दारापर्यंत जाते, अहिल्याबाईंचा वाडा वरच आहे, घाटाच्या पायऱ्या मात्र उतरायच्या की नाही ते तिथे ठरवा. वरून नर्मदा दिसतेच.

सांगलीची_हळद

हॉटेलाच्या चार खोल्यांऐवजी तीन बेडरूमचा सर्व्हिस फ्लॅट का नाही घेत? सगळे एकत्र राहतात, हॉलमध्ये गप्पा होतात, स्वयंपाकघर असल्यामुळे आजींचा मऊ भात, बाळाची खिमटी घरच्यासारखी. पैसेही वाचतात.

धाकटी_सून

स्वयंपाकघर असल्यामुळे. हो ना.

आम्ही गेल्या वर्षी नऊ जण असेच एका शहरात फ्लॅटवर राहिलो (शहर आणि फ्लॅट दोन्हीचं नाव घेत नाही). पहिल्या दिवशी 'फक्त चहा'. दुसऱ्या दिवशी 'चहाबरोबर पोहे काय, दहा मिनिटांचं काम'. तिसऱ्या दिवशी मी आणि जाऊबाई परक्या गावात परक्या कुकरची शिट्टी शोधत होतो आणि बाकीचे किल्ल्यावर होते. वर कचरा कोण टाकणार, पाण्याचा जार संपला तर कुणाला फोन करायचा, रात्री अकराला फ्यूज गेला तर मालक दुसऱ्या शहरात. हॉटेलात नऊ दाबला की कुणीतरी येतं. सुनांची सुट्टी त्या नऊच्या बटणात असते.

गोदाकाठ, तुमच्या वहिनींना आणि बायकोला विचारा आणि त्यांचं उत्तर इथे टाका.

गोदाकाठ

@धाकटी_सून, विचारलं. दोघींनी एका सुरात 'हॉटेल' म्हटलं, आणि हा प्रश्न मुळात विचारला कसा, असंही. फ्लॅट बाद.

लिफ्टमन

माझं नाव बघून हसू नका, लिफ्टच्या देखभालीचं काम करतो (इंदुरात नाही). दोन गोष्टी विचारा. वीज गेली तर जनरेटरवर लिफ्ट चालते का? बऱ्याच ठिकाणी दिवे-पंखे चालतात, लिफ्ट नाही. आणि लिफ्टची रुंदी किती? घडीची व्हीलचेअर आत जाते, पण तिच्यामागे धरणारा माणूस मावतो का? जुन्या इमारतीत मागाहून बसवलेल्या लिफ्ट चार माणसांच्या म्हणतात, त्यात दोन मावतात.

आजींची खोली पहिल्या मजल्यावरच घ्या. वर कितीही छान दिसत असलं तरी.

आता बाथरूम. मी आईला घेऊन एका हॉटेलात उतरलो होतो, फोटोत बाथरूम चकचकीत. गेलो तर दाराला पाच-सहा इंचांचा उंबरा, आणि आत फरशी काचेसारखी. आई उंबऱ्याला अडखळली. पडली नाही, पण चार दिवस तिने पाणी कमी प्यायलं, रात्री उठावं लागू नये म्हणून. तेव्हापासून मी फोटो मागत नाही, व्हिडिओ मागतो. मॅनेजरला सांगायचं: खोलीच्या दारातून चालत बाथरूमपर्यंत जा, आणि उंबऱ्यापाशी एक आगपेटी उभी ठेवून दाखवा. आगपेटी सगळीकडे सारखीच असते, उंची कळते. कमोडशेजारी धरायला काही आहे का तेही दिसतं. टॉवेलची दांडी धरायची नसते, ती दोन स्क्रूवर असते.

प्लास्टिकचं स्टूल बरोबर न्या किंवा तिथे विकत घ्या. आंघोळीला बसायला आणि ट्रॅव्हलरच्या पहिल्या पायरीखाली ठेवायला. ती पायरी गुडघ्याइतकी उंच असते, हे निघायच्या दिवशी सकाळी लक्षात येतं.

अवंतिका_साइड_लोअर

आगपेटी! वाचनखूण साठवली.

ट्रेनने येणाऱ्यांसाठी: अवंतिका मुंबईहून रात्रभर चालून सकाळी पोचवते आणि बऱ्याच हॉटेलांत चेक-इन बाराचा, काही ठिकाणी दोनचा. म्हातारी माणसं तीन-चार तास लॉबीत. आम्ही चारपैकी एक खोली आदल्या रात्रीपासून घेतो. एका रात्रीचे पैसे जास्त जातात, पण आई-बाबा येताच आडवे होतात. स्टेशनजवळच्या काही हॉटेलांत चोवीस तासांची पद्धत असते, ज्या वेळी आलात त्याच वेळी सोडायचं. विचारून घ्यावं.

हिशेबनीस

खोल्यांचं गणित. प्रौढ आठ, पुतणी धरून नऊ. मुलगा एक, वादळ एक. हॉटेलं साधारण खोलीला दोन प्रौढ आणि एक जादा धरतात, पाच-सहा वर्षांखालचं मूल बहुतेक ठिकाणी फुकट. चार खोल्यांत बसता. पण 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे काय ते विचारा, नव्वद टक्के वेळा ती जमिनीवरची गादी असते. मुलांना मजा, आत्याबाईंना नाही.

चारही खोल्या शेजारी हव्यात तर अ‍ॅपवरून मागून उपयोग नाही. खोली कुठली द्यायची ते रिसेप्शनवर ठरतं. दर अ‍ॅपवर बघा, मग थेट फोन करून तोच मागा आणि 'पहिला मजला, लागून चार' हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी कबुली देणारा माणूस तुम्ही पोचता तेव्हा ड्यूटीवर नसतो.

सांगलीची_हळद

आणि १२ टक्के जीएसटी धरा वर.

हिशेबनीस

ते जुनं झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के. त्यावरच्या खोलीला १८. जुन्या दराने बिल लावलं तर तिथेच बोला.

शिवाय प्रत्येक प्रौढाचं मूळ ओळखपत्र. ड्रायव्हरची झोपायची सोय कुठे, हेही आधीच ठरवा. चारशे किलोमीटर गाडी चालवून आलेला माणूस ट्रॅव्हलरच्या सीटवर झोपला तर तिसऱ्या दिवशी महेश्वरचा रस्ता तुमच्याच नशिबी आहे.

जिरावन

बरं बाबा, मी राजवाड्याचा आग्रह सोडतो. (वय सत्तावीस. रामबागचींचा नेम चांगला आहे.) पण तारखेचं कुणी बोललं नाही. डिसेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे इकडे लग्नसराईचा शेवटचा जोर. १५-१६ डिसेंबरला सूर्य धनू राशीत गेला की मलमास लागतो, तिथून संक्रांतीपर्यंत लग्नं बंद. म्हणजे १६ ते २२ डिसेंबर हा सोन्याचा तुकडा: लग्नं संपलेली, नाताळची गर्दी यायची. दरही जरा उतरतात. आणि हॉटेलला बँक्वेट हॉल किंवा लॉन असेल तर लग्नसराईत त्या बाजूची खोली घेऊच नका. लाउडस्पीकर दहाला बंद करायचा नियम आहे, पण दहापर्यंत तर हक्काने वाजतो.

रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा राजवाड्याच्या आसपास खोलीचा विषयच नको. ते दिवस वेगळे.

गोदाकाठ

तारीख हलत नाही हो. मुलाच्या शाळेचं गॅदरिंग अठराला आहे आणि तो झाड झालाय. नाटकात. मुख्य झाड.

भाच्याच्या प्रश्नाला मात्र कुणी हात लावला नाही.

रामबागची

लावते. २०२३ च्या जानेवारीत इथे प्रवासी भारतीय दिवस झाला तेव्हा हॉटेलं पुरेनात, तर इंदूरच्या लोकांनी 'पधारो म्हारे घर' म्हणून परक्या पाहुण्यांना घरं उघडून दिली. ज्या गावात अनोळखी माणसाला घरी उतरवतात तिथे सख्खी आत्या हॉटेलात उतरली तर भाच्याला बोचणारच. त्याचं चुकत नाही. पण सुदामा नगरातल्या घरात बाथरूम असून असून दोन असणार, आणि सकाळी सात वाजता अकरा माणसं.

आजींना एक अख्खी दुपार तिकडे द्या. जेवण, झोप, अल्बम, चहा. रात्र नको. रात्री उठणारं माणूस दुसऱ्याच्या घरात अवघडतं, आणि यजमानही कान टवकारून झोपतात. भाच्याला फोन मात्र तुम्ही करू नका, आजींना करू द्या. 'मला तुझ्याकडे जेवायला यायचंय, भरीत आणि भाकरी कर' असं स्वतः मागितलं की त्याचा राग जिरतो. हॉटेलच्या बुकिंगआधी करा, नंतर नाही.

आणि मघापासून विचारायचं राहतंय. आजींना ऐकू कमी येतं का?

गोदाकाठ

मशीन आहे कानाला. रात्री काढून ठेवते.

रामबागची

मग आत्या त्यांच्या खोलीत.

धाकटी_सून

😂😂 धाग्याचं सार्थक झालं.

गोदाकाठ

परवा परतलो. इतक्या लोकांनी इतकं लिहिलं, वृत्तांत द्यायलाच हवा.

तीन हॉटेलांना आगपेटीचं सांगितलं. एक जण हसला आणि म्हणाला, 'साहब, सब ठीक है.' दुसऱ्याने वेबसाइटवरचेच फोटो पुन्हा पाठवले, हंसासकट. तिसऱ्याने दहा मिनिटांत व्हिडिओ पाठवला: दार, पॅसेज, बाथरूम, आगपेटी. उंबरा आगपेटीच्या निम्म्याहून कमी. शिवाय विचारलं, 'माताजींसाठी खुर्ची ठेवू का?' तिथेच ठरवलं. नाथ मंदिर रोडच्या बाजूचं आहे, नाव हवं असेल त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. खोलीला ३,२०० आणि वर १६० कर. चार खोल्या, पहिला मजला, तीन लागून आणि एक समोर.

जाताना सेंधव्याच्या अलीकडे बिजासनी घाटात वादळाला गाडी लागली. ते सोडा.

सगळं छान झालं असं नाही. पहिल्या सकाळी गरम पाणी साडेसहापर्यंत नव्हतं. सोलरचं पाणी रात्रीतून गार झालेलं आणि गिझर कुणी चालू केला नव्हता. आजी पाचला आंघोळ करते, तिने साडेसहापर्यंत रामरक्षा किती वेळा म्हटली ते आत्याला विचारा. दुसऱ्या दिवशी लिफ्ट देखभालीसाठी अकरा ते एक बंद, आधी कुणी सांगितलं नाही. पहिला मजला होता म्हणून निभावलं. @लिफ्टमन, तुमची आठवण काढली, चांगल्या अर्थाने.

आणि जिरावनचं भविष्य खरं ठरलं. आमच्या हॉटेलात हॉल नव्हता, मी खातरजमा केली होती. पण समोरच्या धर्मशाळेत होता. आठला वरात आली. बँड, घोडा, डीजे, दिव्यांच्या छत्र्या डोक्यावर घेतलेली माणसं. बाबा वैतागले, आई कापूस शोधायला लागली. मी रिसेप्शनला भांडायला निघालो तर आजी खुर्ची बाल्कनीत ओढून बसलेली, शाल गुंडाळून, मशीन कानात, आवाज पूर्ण मोठा केलेला. नवरदेव उतरेपर्यंत हलली नाही. नवरदेवाचा फेटा, करवल्यांचे कपडे, बँडवाल्यांची चूक, सगळं आम्हाला दुसऱ्या दिवशी उज्जैनपर्यंत पुरलं. रामबागचींच्या 'खिडकीतून काही दिसतं का' या प्रश्नाचा अर्थ तेव्हा कळला.

व्हीलचेअर तिने पहिल्या दिवशी नाकारली, महाकाल लोकात स्वतःहून मागितली.

सराफ्यात आम्ही सहा जण गेलो, साडेनऊला. बाबा-आई, आत्या, आजी आणि वादळ खोलीवर (पुतणीला आम्ही धरून नेलं, तिने चार गोष्टींचे फोटो काढले आणि एक खाल्ली). येताना आजीला भुट्ट्याचा कीस आणि दहीवडा बांधून आणला. कीस तिने चमच्याने सगळा संपवला आणि विचारलं, 'गराडू आणले नाहीत?' दात नाहीत म्हटलं तर म्हणाली, 'चोखले असते.'

भाच्याकडची दुपार उत्तम. फोन तिनेच केला होता. भरीत झालं, भाकरी झाली, आणि तिथे ती जी मराठी बोलायला लागली ती आम्ही घरात कधी ऐकली नव्हती. पुतणी माझ्या कानात म्हणाली, 'पणजी हिंदी बोलतेय का?'

रामबागेत वाडा नाही. चार मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. दोनदा गल्ली चुकलो, तिने खुणेने बरोबर आणलं. आजी गाडीतून उतरली नाही. काच खाली करून बघत होती. मग म्हणाली, 'विहीर इथे होती,' आणि ड्रायव्हरला म्हणाली, चल.

तिथून थेट पोहे-जलेबी खायला गेलो. तिचीच फर्माईश. वर जिरावन (मसाला, इथले सदस्य नव्हे) घातलेले पोहे बाबांना तिखट लागले, तिला नाही.

प्लास्टिकचं स्टूल २८० रुपयांना घेतलं होतं, ते हॉटेललाच देऊन आलो. मॅनेजर म्हणाला, पुढच्या माताजींना होईल.

देवासकर

महेश्वर की ओंकारेश्वर केलंत?

गोदाकाठ

महेश्वर. आजी, आत्या आणि आई वरच बसल्या, नर्मदा बघत. आम्ही घाट उतरलो. वहिनी आणि बायको साडी घ्यायला गेल्या आणि दीड तासाने आल्या, त्यामुळे ओंकारेश्वर आपोआप बाद झालं.

धाकटी_सून

दीड तास फार नाही.

रामबागची

चार मजली आणि खाली मोबाइलचं दुकान अशा आमच्याकडे तीन-चार इमारती झाल्यात. कुठल्या गल्लीत ते कळवाल का? आणि आजींचं माहेरचं आडनाव व्यनि करा. माझी आई अठ्ठ्याऐंशीची आहे, जन्मापासून तिथेच. तिला विचारते विहिरीचं.

जिरावन

झाडाचं गॅदरिंग कसं झालं?

गोदाकाठ

आज संध्याकाळी आहे. @रामबागची, व्यनि केलाय.

खानदेशी_मांडे

धागा आत्ता वाचला. जानेवारीत आम्ही आठ जण जळगावहून येतोय. हॉटेलचं नाव मलाही व्यनि करा. आमच्याकडे आजोबा घोरतात आणि ऐकू सगळ्यांनाच नीट येतं. काही तोड?